वाय प्लस दर वेळी चुकतोय? आधी तो किती पटीने चुकलाय ते बघा

ही तक्रार परत परत येते म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. सीएफडीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर हवा-पाण्याचा प्रवाह सोडवताना, जागेचे छोटे सेल करतात (तो मेश), आणि वॉलला, म्हणजे घन पृष्ठभागाला, लागून पातळ सेलचे थर (लेयर्स) घालतात. वाय प्लस म्हणजे पहिल्या सेलचं वॉलपासूनचं अंतर, प्रवाहाच्याच मापात मोजलेलं, एकक नसलेलं. तक्रार अशी: कॅल्क्युलेटरमध्ये वेग, लांबी आणि व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) टाकायची, वाय प्लस १ मागायचा, पहिल्या लेयरची जी जाडी मिळेल ती मेशरमध्ये (मेश बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) भरायची, रन लावायचा, आणि शेवटी बघितलं तर वाय प्लस कुठे ०.५, कुठे ३, कुठे थेट १४०. मग जाडी अर्धी करून परत मेश, परत रन, परत भलताच आकडा. दोन-तीनदा असं झालं की माणूस कंटाळतो, "सरासरी ठीक आहे ना, चालेल" म्हणून पुढे जातो, आणि तिथेच ड्रॅगचा किंवा प्रेशर ड्रॉपचा आकडा हातचा जातो.

यात सूत्र क्वचितच चुकीचं असतं. गडबड होते ती सूत्रात टाकलेल्या एखाद्या आकड्यात, नाहीतर सूत्रातून निघालेली जाडी आणि मेशमध्ये प्रत्यक्ष पडलेली जाडी यांच्या मधे कुठेतरी. आणि चांगली गोष्ट अशी की जवळजवळ प्रत्येक गडबडीची पट ठरलेली असते. म्हणून जाडी लगेच बदलू नका, आधी मिळालेल्या वाय प्लसला हव्या असलेल्या वाय प्लसने भागा. भागाकार ०.५ आलाय, २.७ आलाय की ५०० आलाय यावरून चूक कुठे आहे ते बऱ्याच वेळा रन न करताच सापडतं.

आधी एक उदाहरण पूर्ण करून घेऊ म्हणजे पुढचे सगळे आकडे त्यालाच लावता येतील. सपाट प्लेट, लांबी १ मीटर, हवा २० मीटर प्रति सेकंद, कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (डायनॅमिक व्हिस्कॉसिटी भागिले डेन्सिटी) ०.००००१५ चौरस मीटर प्रति सेकंद. रेनॉल्ड्स नंबर म्हणजे वेग गुणिले लांबी भागिले व्हिस्कॉसिटी, तो येतो साधारण १३ लाख ३३ हजार. स्किन फ्रिक्शन कोइफिशंटसाठी, म्हणजे सीएफसाठी, श्लिश्टिंगचं सूत्र घ्या: रेनॉल्ड्स नंबरचा १० बेसचा लॉग काढा, त्याची दुप्पट करा, ०.६५ वजा करा आणि आलेल्या आकड्याचा उणे २.३ घात घ्या. लॉग ६.१२५, कंसातला आकडा ११.६, सीएफ ०.००३५६. यावरून फ्रिक्शन व्हेलॉसिटी, म्हणजे आपला यू टाऊ:

यू टाऊ = वेग × √(सीएफ ÷ २) = २० × √०.००१७८ = ०.८४४ मीटर प्रति सेकंद

आणि वॉलपासूनचं अंतर:

वाय = वाय प्लस × कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी ÷ यू टाऊ

वाय प्लस १ साठी हे अंतर १७.८ मायक्रॉन येतं, ३० साठी ०.५३ मिमी, ५० साठी ०.८९ मिमी. त्याच जागी बाउंड्री लेयरची, म्हणजे वॉलमुळे मंदावलेल्या हवेच्या थराची, जाडी ०.३७ × लांबी × रेनॉल्ड्सचा उणे ०.२ घात, म्हणजे साधारण २२ मिमी. हा २२ मिमीचा आकडा लिहून ठेवा, बहुतेक जण तो काढतच नाहीत आणि अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं, पण त्याच्याकडे नंतर येतो.

आता पटी बघू.

भागाकार ०.५ आला, म्हणजे १ मागितला आणि जवळजवळ सगळीकडे ०.५ मिळाला, तर बहुधा तुम्ही १७.८ मायक्रॉन ही पहिल्या सेलची पूर्ण जाडी म्हणून टाकलीत. ओपनफोम, फ्लुएंट, स्टार सीसीएम प्लस हे सगळे सॉल्व्हर (प्रवाह सोडवणारी सॉफ्टवेअर) सेलच्या मध्यावर व्हॅल्यू ठेवतात, त्यामुळे सूत्रातलं वाय म्हणजे वॉलपासून सेलच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि सेलची जाडी त्याच्या दुप्पट, इथे ३५.५ मायक्रॉन. सीएफएक्स या सॉल्व्हरमध्ये व्हॅल्यू नोडवर, म्हणजे मेशच्या बिंदूवर, असते त्यामुळे तिथे पहिल्या नोडपर्यंतचं अंतर धरायचं, दुप्पट करायची नाही. कॅल्क्युलेटरचंही तसंच, काही मध्यापर्यंतचं अंतर देतात, काही आधीच दुप्पट करून पूर्ण जाडी देतात आणि पानावर नीट लिहिलेलं असेलच असं नाही, म्हणून वरचं प्लेटचं उदाहरण त्यात टाकून बघा, १७.८ च्या जवळ आलं की ३५.५ च्या जवळ आलं यावरून लगेच कळतं. १ च्या जागी ०.५ आल्याने रिझल्ट बिघडत नाही, फक्त सेल वाया जातात. पण वॉल फंक्शन (वॉलजवळचा वेग सोडवण्याऐवजी तयार सूत्राने धरणं) वापरताना ३० मागून १५ मिळाला तर मात्र तो खरा घोटाळा आहे.

भागाकार ०.७ च्या आसपास असेल तर यू टाऊ काढताना सीएफला २ ने भागायचं राहिलंय. वॉल शिअर स्ट्रेसच्या सूत्रात जो अर्धा असतो तो गळला की यू टाऊ १.४१ पट जास्त येतो आणि जाडी तेवढीच कमी.

भागाकार २.७ च्या आसपास आला तर लॉग तपासा. एक्सेलमध्ये लॉग लिहिलं की १० बेसचा मिळतो, पण पायथन, मॅटलॅब आणि सी मध्ये नुसतं लॉग म्हणजे नॅचरल लॉग. वरच्या उदाहरणात नॅचरल लॉग टाकला तर सीएफ ०.००३५६ च्या जागी ०.०००४९ येतो, म्हणजे सातपट कमी, आणि जाडी २.७ पट जास्त. स्प्रेडशीटवरून स्क्रिप्टमध्ये सूत्र उचलताना हे हमखास होतं, आणि आकडा अगदीच वेडावाकडा नसल्यामुळे नजरेला खटकत नाही.

भागाकार ५०० च्या आसपास आला तर दोन शक्यता. एक, पाण्यासाठी कायनेमॅटिकच्या जागी डायनॅमिक व्हिस्कॉसिटी टाकलीत. पाण्याची डायनॅमिक ०.००१ आणि कायनेमॅटिक ०.०००००१, हजारपटीचा फरक, पण सीएफ सुद्धा बदलतो म्हणून शेवटी जाडीत फरक हजारच्या जागी साधारण ५०० पट दिसतो. दुसरी शक्यता, मेश मिलिमीटरमध्ये केला आणि सॉल्व्हरने तो मीटर समजून वाचला. गंमत अशी की तिथेही जाडी हजारपट, लांबीही हजारपट, यू टाऊ निम्मा, म्हणजे परत वाय प्लस साधारण ५०० पटच. दोन्ही वेगळं करायला मेशचा बाउंडिंग बॉक्स बघा, एक मीटरची प्लेट हजार मीटरची दिसली की उत्तर मिळालं. उलट्या बाजूला वाय प्लस ०.००२ असा हास्यास्पद छोटा आला तर व्हिस्कॉसिटी सॉल्व्हरमध्येच चुकलीय: ओपनफोमचे इनकम्प्रेसिबल सॉल्व्हर कायनेमॅटिक मागतात, फ्लुएंट डायनॅमिक आणि डेन्सिटी वेगवेगळी मागतो, एकाची सेटिंग दुसऱ्यात तशीच उचलली की हे होतं. हवेच्या बाबतीत ही चूक लपून राहते कारण तिथे डायनॅमिक ०.००००१८ आणि कायनेमॅटिक ०.००००१५, आकडे जवळजवळ सारखेच, जाडीत फरक साधारण १८ टक्के. म्हणून हवेवर चाललेली स्क्रिप्ट पाण्यावर फुटते आणि लोक टर्ब्युलन्स मॉडेलला दोष देत बसतात.

१.३ ते १.५ असा भागाकार, तोही वॉलवर हळूहळू बदलत जाणारा, ही चूक नाहीच. अंदाज बाहेरच्या वेगावर काढलेला असतो आणि गोल कडेवरून, पंखाच्या वरच्या बाजूवरून किंवा अरुंद गळ्यातून हवा त्यापेक्षा जोरात जाते. जाडी वेगाच्या ०.९ घाताने बदलते, त्यामुळे स्थानिक वेग दीडपट असेल तर वाय प्लस १.४४ पट. यावर उपाय सरळ आहे, अंदाज काढतानाच जिथे वेग सर्वात जास्त असेल असं वाटतं तिथला वेग घ्या. फिरणाऱ्या ब्लेडसाठी ब्लेडच्या टोकाला दिसणारा रिलेटिव्ह वेग घ्या, इनलेटचा नको.

याच्या उलट लांबीची फार काळजी करू नका. कोणती लांबी घ्यायची, कॉर्ड की पूर्ण बॉडी की हायड्रॉलिक डायमीटर, यावर लोक तासन्तास वाद घालतात, पण जाडी लांबीच्या ०.१ घाताने बदलते, लांबी दहापट चुकली तरी जाडीत फरक २६ टक्क्यांचा. वेगात आणि व्हिस्कॉसिटीत चूक झाली तर मात्र ती जवळजवळ जशीच्या तशी उत्तरात उतरते. वेळ घालवायचाच तर तिथे घालवा.

पाइप किंवा डक्ट असेल तर प्लेटचं सूत्र सोडा, पाइपचं फ्रिक्शन फॅक्टर घ्या. पाणी, ५० मिमी व्यास, २ मीटर प्रति सेकंद, रेनॉल्ड्स १ लाख. ब्लाझियसच्या सूत्राने डार्सी फ्रिक्शन फॅक्टर = ०.३१६ × रेनॉल्ड्सचा उणे ०.२५ घात = ०.०१७८. यू टाऊ = वेग × √(फॅक्टर ÷ ८) = ०.०९४ मीटर प्रति सेकंद. वाय प्लस १ ला १०.६ मायक्रॉन, ३० ला ०.३२ मिमी, हे दोन्ही सेलच्या मध्यापर्यंत. इथे एक सापळा आहे, डार्सी आणि फॅनिंग फॅक्टर यांच्यात चारपटीचा फरक असतो, फॅनिंगचा आकडा घेऊन ८ ने भागलं तर यू टाऊ निम्मा येतो आणि वाय प्लस दुप्पट मिळतो. पाइपचा फायदा हा की पडताळणी फुकट मिळते: याच आकड्यांवरून प्रेशर ड्रॉप मीटरमागे साधारण ७११ पास्कल यायला हवा. प्रवाह पूर्ण विकसित झालाय तिथे तुमच्या रनमध्ये तो ५०० किंवा ९०० येत असेल तर वाय प्लसचा रंगीत प्लॉट कितीही छान दिसला तरी वॉलजवळ काहीतरी बिघडलंय.

आता ठिपक्याठिपक्यांनी चुकणारा वाय प्लस. बहुतेक पृष्ठभागावर १ च्या आसपास आणि कोपऱ्यांवर, कडांवर, दोन भाग जुळतात तिथे अचानक १४०. हा आकडा मी उगाच घेतला नाही. वरच्या प्लेटवर लेयर्सच्या बाहेरचा सेल ५ मिमीचा असेल आणि एखाद्या जागी लेयर्स पडलेच नाहीत, तर तो ५ मिमीचा सेल थेट वॉलला टेकतो, त्याचा मध्य २.५ मिमीवर, आणि २.५ मिमी भागिले १७.८ मायक्रॉन म्हणजे १४०. असा आकडा दिसला की सूत्राकडे बघूच नका, मेशर तिथे लेयर्स सोडून पुढे गेलाय.

स्नॅपीहेक्समेश हा ओपनफोमचा मेशर वापरणाऱ्यांना हे रोजचं आहे. त्याच्या लॉगच्या शेवटाकडे प्रत्येक पॅचसाठी (पृष्ठभागाच्या तुकड्यासाठी) टेबल येतं, फेसेस किती, लेयर्स किती, एकूण जाडी मीटरमध्ये आणि टक्क्यांत. एक टेबल लेयर्स घालायच्या आधीचं असतं, त्यात तुम्ही काय मागितलंय ते दिसतं. दुसरं नंतरचं, त्यात खरंच काय मिळालं ते. लोक पहिलं बघून खूश होतात. दुसऱ्यात २८ मागितलेल्या लेयर्सच्या जागी सरासरी १९.३ दिसत असेल आणि टक्के ६० च्या घरात असतील, तर पृष्ठभागाच्या बऱ्याच भागावर लेयर्स एकतर अर्धवट आहेत किंवा नाहीतच. मेशर लेयर घालतो, क्वालिटी चेकमध्ये सेल नापास झाले की त्या जागेचे लेयर्स काढून टाकतो, आणि एरर न देता पुढे जातो, म्हणून हे टेबल वाचल्याशिवाय सॉल्व्हर चालू करू नका.

स्नॅपीहेक्समेशच्या सेटिंगच्या फाइलमध्ये दुसरी मोठी अडचण म्हणजे रिलेटिव्ह साइझेसचं सेटिंग. ते ट्रू असेल तर तुम्ही दिलेली जाडी मीटर नसते, बाहेरच्या सेलच्या आकाराचा हिस्सा असते. ट्युटोरियलमधून कॉपी केलेल्या फाइलमध्ये बऱ्याचदा ट्रू असतं, तुम्ही त्यात प्रेमाने ०.००००३५५ टाकता, मेशर ते ५ मिमीच्या सेलला गुणतो आणि मायक्रॉनच्याही पाचव्या भागाएवढा लेयर घालायला जातो, जो अर्थातच कोसळतो. वाय प्लस काढून आलेली जाडी वापरायची तर हे सेटिंग फॉल्स हवं. कोपऱ्यांवरच लेयर्स तुटत असतील तर फीचर अँगल (ज्या कोनाच्या पुढे मेशर कडेवर लेयर्स घालत नाही) वाढवून बघा, आणि मिनिमम थिकनेस पहिल्या लेयरपेक्षा मोठी दिलेली नाही ना ते बघा. त्याआधी मात्र पृष्ठभागाचा मेश बघा, खडबडीत, त्रिकोण दिसणाऱ्या गोलाईवर ३५ मायक्रॉनचे लेयर नीट बसत नाहीत, कितीही सेटिंग फिरवा. लेयर्सची भांडणं बहुतेक वेळा पृष्ठभाग नीट केल्यावरच मिटतात.

आता तो २२ मिमीचा आकडा. समजा वाय प्लस अगदी १ आला, सगळीकडे, तरीही ड्रॅग मेश बदलला की हलतोय. मग पहिला लेयर सोडा आणि सगळे लेयर मिळून किती जाडी झाली ते बघा. ३६ मायक्रॉनपासून सुरुवात, प्रत्येक पुढचा लेयर १.२ पट, आणि सवयीने १५ लेयर्स घातले तर एकूण जाडी होते २.६ मिमी. बाउंड्री लेयर २२ मिमीचा! म्हणजे जवळजवळ आठव्या हिश्श्यातच लेयर्स संपले, शेवटचा लेयर अर्ध्या मिमीच्याही आतला आणि त्याच्या डोक्यावर थेट ५ मिमीचा सेल. वेगाचा प्रोफाइल जिथे अजून वळतोय तिथेच मेशने दहापट उडी मारली. बाउंड्री लेयर पूर्ण झाकून वर थोडं ठेवायचं, साधारण २६ मिमी, तर लेयर्स लागतात २८, आणि तेव्हा शेवटचा लेयर सुमारे ५ मिमीचा होतो जो बाहेरच्या ५ मिमीच्या सेलला अलगद जुळतो. वाढीचा दर १.१ ठेवला तर तेवढ्याच जाडीला ४५ लेयर्स. लेयर्सची संख्या काढायला:

लेयर्स = लॉग(१ + एकूण जाडी × (दर − १) ÷ पहिली जाडी) ÷ लॉग(दर)

इथे कुठलाही लॉग चालतो, दोन्हीकडे एकच असला की झालं. १.२ दर आणि वाय प्लस १ असेल तर वाय प्लस ३० च्या आत साधारण ८ सेल येतात, आणि टर्ब्युलन्सचं प्रॉडक्शन सर्वात जास्त वाय प्लस १२ च्या आसपास असतं, म्हणजे जिथे खरी गडबड चालू असते तिथेच हे ८ सेल कामाला येतात. दर १.४, १.५ करून लेयर्स वाचवण्याचा मोह होतो, पहिल्या सेलचा वाय प्लस तोच राहतो त्यामुळे रिपोर्टमध्ये काहीच चुकीचं दिसत नाही, पण या भागातले सेल कमी होतात. म्हणून नुसता "वाय प्लस १ आहे" हे मला कधीच पुरेसं वाटत नाही, सोबत दर आणि एकूण जाडी सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

वॉल फंक्शनवाल्यांसाठी वेगळं. वाय प्लस ३० ते ३०० हे इतक्या वेळा सांगितलं जातं की लोक ते नियम म्हणून धरतात. खालची बाजू ठीक आहे, ५ च्या आत व्हिस्कस सबलेयर (चिकटपणाचं राज्य), ५ ते ३० बफर (मधला पट्टा), त्याच्या वर लॉग लेयर (इथे वेग अंतराच्या लॉगने वाढतो). पण वरची बाजू रेनॉल्ड्स नंबरवर ठरते, कारण लॉग लेयर बाउंड्री लेयरच्या साधारण १५ टक्के जाडीपर्यंतच असतो. आपल्या प्लेटवर पूर्ण बाउंड्री लेयर वाय प्लसमध्ये मोजला तर साधारण १२४०, त्याचे १५ टक्के म्हणजे १८६, म्हणजे ३०० ला तुम्ही लॉग लेयरच्या बाहेर आहात. आता वेग ५ आणि लांबी ०.३ मीटर घ्या, प्रवाह ट्रिप करून (मुद्दाम अडथळा लावून) टर्ब्युलंट केलाय असं धरलं तरी बाउंड्री लेयर वाय प्लसमध्ये फक्त २०० च्या आसपास भरतो आणि १५ टक्के म्हणजे ३०. लॉग लेयर सुरू व्हायच्या आधीच संपला. पहिला सेल ३० वर ठेवायचा तर तो ३.३ मिमीचा होतो आणि ११ मिमीच्या बाउंड्री लेयरमध्ये जेमतेम तीन सेल बसतात. अशा केसमध्ये वॉल फंक्शनसाठी जागाच नाही, वाय प्लस १ वर जा, सेलही फार वाढत नाहीत कारण रेनॉल्ड्स कमी आहे.

आणि मेश स्टडी (मेश बारीक करत उत्तर किती बदलतं ते बघणं) करताना जे सर्रास होतं ते म्हणजे पूर्ण मेश दर वेळी निम्मा करणं. वॉल फंक्शनवर पहिल्या मेशला वाय प्लस ६०, मग ३०, मग १५, मग ७.५. पहिले दोन मेश लॉग लेयरमध्ये, पुढचे दोन बफरमध्ये, आणि मग ड्रॅग स्थिर व्हायच्या ऐवजी मेश बारीक होईल तसा पळत सुटतो. स्टँडर्ड वॉल फंक्शन १५ च्या खाली भरवशाचं राहत नाही. त्यामुळे वॉल फंक्शनवर स्टडी करायचा तर पहिला लेयर तसाच ठेवा आणि बाकीचा मेश बारीक करा, किंवा अशा ट्रीटमेंटवर जा जी दोन्हीकडे चालते. ओपनफोममध्ये स्पाल्डिंगच्या १९६१ च्या सूत्रावर आधारलेलं वॉल फंक्शन आहे, ते सबलेयरपासून लॉग लेयरपर्यंत एकाच सूत्राने जातं. फ्लुएंटमध्ये के एप्सिलॉन या टर्ब्युलन्स मॉडेलसाठी एन्हान्स्ड वॉल ट्रीटमेंट आहे, आणि स्केलेबल वॉल फंक्शन आहे जे वाय स्टारला (वाय प्लसचाच जवळचा प्रकार) ११.२२५ च्या खाली जाऊच देत नाही. मेंटरचं १९९४ चं के ओमेगा एसएसटी मॉडेल आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वाय प्लसनुसार आपोआप जुळवून घेतं. पण जुळवून घेतं याचा अर्थ बफरमध्ये मेश ठेवून निवांत राहावं असा नाही, त्या पट्ट्यात ही ब्लेंडिंग तडजोड असते, मॉडेल कोसळत नाही एवढंच. मी तरी सेपरेशन (प्रवाह वॉलपासून सुटणं) किंवा ड्रॅग हवा असेल तर १ च्या आसपासच राहतो.

हीट ट्रान्सफर असेल तर १ लाच राहा, आणि तेलासारखा जास्त प्रांड्टल नंबरवाला (उष्णता पसरण्याच्या मानाने चिकटपणा जास्त असलेला) फ्लुइड असेल तर त्याहून खाली. तिथे तापमानाचा पातळ थर वेगाच्या थरापेक्षा प्रांड्टलच्या घनमुळाएवढ्या पटीने पातळ असतो, प्रांड्टल १०० असेल तर ४.६ पट, म्हणजे वाय प्लस ०.२ च्या आसपास. खडबडीत वॉलवर वॉल फंक्शन वापरत असाल तर पहिल्या सेलचा मध्य रफनेसच्या उंचीच्या वर हवा, आणि रफनेसमुळे यू टाऊ वाढतो म्हणून गुळगुळीत प्लेटच्या अंदाजापेक्षा वाय प्लस जास्तच येणार हे धरून चाला.

वाय प्लस वाचतानाही फसायला होतं. मिनिमम आणि मॅक्सिमम या दोन आकड्यांवर निर्णय घेऊ नका. प्रवाह जिथे वॉलला आपटतो किंवा सुटतो किंवा परत चिकटतो तिथे शिअर स्ट्रेस शून्यातून जातो, म्हणून वाय प्लसही शून्याजवळ जाणारच, वॉल फंक्शनवर मिनिमम ३० कधीच मिळणार नाही आणि त्यासाठी मेश जाड करत बसू नका. मॅक्सिममसुद्धा एखाद्या धारदार कडेवरच्या दोन-चार सेलमधून येतो. क्षेत्रफळ धरून काढलेली सरासरी बघा आणि हिस्टोग्राम बघा, पृष्ठभागाचा किती टक्के भाग ५ ते ३० च्या पट्ट्यात पडलाय हा प्रश्न मिनिमम मॅक्सिममपेक्षा कितीतरी कामाचा आहे. आणि हा रंगीत प्लॉट वॉल शिअरच्या प्लॉटशेजारी ठेवा. शिअर कमी म्हणून वाय प्लस कमी असेल तर ठीक, शिअर सारखाच असताना वाय प्लस उडी मारत असेल तर मेश तुटलाय.

ओपनफोमच्या इनकम्प्रेसिबल सॉल्व्हरमधून वॉल शिअर स्ट्रेस काढला तर तो डेन्सिटीने भागलेला असतो, त्याचं वर्गमूळ घेतलं की थेट यू टाऊ मिळतो, परत डेन्सिटीने भागू नका. पाण्यात ते केलंत तर यू टाऊ साधारण ३२ पटीने कमी दिसेल.

पहिल्या रननंतर दुरुस्ती करताना परत सूत्राकडे जायची गरज नाही. सरासरी वाय प्लस १.६ आला आणि १ हवाय तर पहिली जाडी १.६ ने भागा, झालं. फक्त एकूण जाडी तीच ठेवा, म्हणजे १.२ दराला तीन लेयर्स वाढवावे लागतील, नाहीतर पहिला लेयर बरोबर होतो आणि लेयर्सचा वरचा टोक बाउंड्री लेयरच्या आत घसरतो. हे स्केलिंग तेव्हाच भरवशाचं असतं जेव्हा पहिल्या रनचा शिअर स्ट्रेस ठीकठाक असतो. पहिला मेश बफरमध्ये पडला असेल आणि मॉडेल वॉलपर्यंत सोडवणारं असेल तर तो शिअरच चुकीचा असतो, मग दोन फेऱ्या लागतात.

दुसऱ्या मेशवर शून्यापासून सुरुवात करू नका, पहिल्या रनचं सोल्यूशन नवीन मेशवर मॅप करून चालू करा. सेल इतके चपटे असताना सॉल्व्हर डबल प्रिसिजनमध्ये आहे ना ते एकदा बघा. वाय प्लस ड्रॅगच्या बराच आधी स्थिर होतो, त्यामुळे रन पूर्ण संपायची वाट न बघता मधेच हिस्टोग्राम काढा, आणि तो बरोबर असेल तरच पुढे चालू द्या.